प्रोटिएजची ॲक्टिव्हिटी मोजायची कशी: केसीन-फोलिनची पद्धत, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

बडोद्यात मायक्रो, बायोकेम नाहीतर बायोटेक करणाऱ्या आपल्या मुलांचे शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झाले की विषय फिरून फिरून प्रोटिएजवर, म्हणजे प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमवर येतो, कारण उघड आहे, खर्च कमी, माती फुकट, दुधाची पावडर कुठल्याही किराण्यात मिळते आणि प्लेटवर कॉलनीभोवती स्वच्छ गोल दिसला की घरी फोटो पाठवता येतो. खरी पंचाईत पुढे होते. सर म्हणतात छान, झोन आला, आता युनिट काढून आणा. मग कुठूनतरी प्रोटोकॉलची झेरॉक्स मिळते, त्यात कशानंतर काय घालायचं ते लिहिलेलं असतं पण का घालायचं ते नसतं, आणि मुलं बिचारी आंधळेपणाने पिपेट मारत बसतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आकडा काहीही केलं तरी येतोच. ट्यूबमध्ये फोलिन (निळा रंग देणारं रिएजंट) पडलं की थोडंफार निळं होणार, मशीन काहीतरी दाखवणार. तो आकडा तुमच्या एन्झाइमचा आहे का मीडियातल्या (ज्यात जंतू वाढवले त्या द्रावणातल्या) पेप्टोनचा, हे ओळखता आलं पाहिजे, त्यामुळे खाली ब्लँकबद्दल (एन्झाइमचं काम न होऊ दिलेली तुलनेची ट्यूब) आणि डायल्यूशनबद्दल (किती पट पातळ करायचं) जरा जास्तच बोललोय, तो भाग गाळून पुढे जाऊ नका.

आधी नक्की काय चाललंय ते

केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रोटीन. ते बफरमध्ये विरघळवायचं, त्यात एन्झाइम घालायचं, ठरलेली मिनिटं ३७ डिग्रीला ठेवायचं. प्रोटिएज केसीनचे तुकडे करत सुटतं. मग टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड घातलं की एन्झाइम जागच्या जागी थांबतं आणि न तुटलेलं मोठं केसीन पांढरं होऊन खाली बसतं, पण जे बारीक तुकडे झालेत ते खाली बसत नाहीत, वरच्या पाण्यातच राहतात. गाळून ते पाणी घ्यायचं. त्या तुकड्यांमध्ये टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन असतात, त्यांच्याशी फोलिन रिएजंट अल्कलीत निळा रंग देतं, तो रंग ६६० नॅनोमीटरला वाचायचा. जितके तुकडे जास्त तितका निळा गडद, बस.

फोलिन आणि सिओकॅल्टू या दोघांनी हे रिएजंट १९२७ मध्ये काढलं, ॲन्सनने १९३८ मध्ये ते हिमोग्लोबिन वापरून प्रोटिएज मोजायला लावलं, आणि कुनिट्झने १९४७ मध्ये केसीन घेऊन, रंगबिंग न करता सरळ २८० नॅनोमीटरला गाळलेलं पाणी वाचलं. आज आपण जे करतो ते ॲन्सन आणि कुनिट्झ यांची मिसळ आहे. तेव्हा कोणी व्हायवात विचारलं की ही कोणाची पद्धत, तर नुसतं ‘फोलिन मेथड’ म्हणून सुटू नका.

आणखी एक, निळा रंग फक्त टायरोसीनचा नसतो, ट्रिप्टोफॅन देतं, आणि पेप्टाइडला जोडलेलं टायरोसीनसुद्धा देतं. आपण स्टँडर्ड मात्र शुद्ध टायरोसीनचा घेतो. म्हणून उत्तर ‘इतक्या टायरोसीनएवढा रंग’ असं असतं, खरोखर तेवढं टायरोसीन सुटलंय असं नव्हे.

एन्झाइम कुठून आणायचं

पहिल्यांदाच हात बसवत असाल तर विकतचं ट्रिप्सिन घ्या. त्याचा स्टॉक १ मिलीमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये करा आणि बर्फात ठेवा, कारण न्यूट्रल बफरमध्ये ट्रिप्सिन स्वतःलाच खात बसतं, आणि दुपारपर्यंत सकाळचा एन्झाइम राहिलेला नसतो.

मातीतून बॅसिलस, म्हणजे प्रोटिएज बाहेर टाकणारा बॅक्टेरिया, काढायचा असेल तर माती कुठलीही चालते, डेअरीच्या मागची, जिथे दुधाचं धुणं सांडतं तिथली, सगळ्यात बरी. विश्वामित्रीच्या काठावर उतरून ‘नदीकाठचा गाळ’ आणायचं खूळ दरवर्षी कोणाच्या तरी डोक्यात येतं, ते नको, तिथे मगरी आहेत आणि त्यांचं प्रोटिएज आपल्यापेक्षा चांगलं चालतं. १ टक्का स्किम मिल्क घातलेल्या अगरवर टाकायचं, ३७ डिग्रीला एक-दोन दिवस. झोन दिसला की त्यावर थोडं टीसीए ओतून बघा, झोन तसाच काचेसारखा राहिला तर केसीन खरंच तुटलंय. आणि झोनचा व्यास मोजून ‘माझा आयसोलेट तुझ्यापेक्षा भारी’ असं करू नका, झोन किती पसरतो ते एन्झाइम अगरमधून किती सरकतं, कॉलनी किती वाढली, अगर किती जाड ओतलंय या सगळ्यावर असतं. झोन फक्त हो किंवा नाही सांगतो.

ब्रॉथमध्ये वाढवताना घाई नको. बॅसिलस प्रोटिएज मुख्यतः वाढ मंदावल्यावर, स्टेशनरी फेजला बाहेर टाकतो, आणि मीडियात भरपूर ग्लुकोज असेल तर टाकायला टाळाटाळ करतो. म्हणून २४, ३६, ४८ तासांना थोडं थोडं काढून बघा. १०,००० आरपीएमला १० मिनिटं थंड सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी हेच तुमचं एन्झाइम, ते बर्फात.

तिसरा स्वस्त रस्ता पपईचा. फाफड्याबरोबर जो कच्च्या पपईचा संभारो खातो तीच पपई, खंडेराव मार्केटात मिळते, फक्त विक्रेत्याला सांगा की आजच तोडलेली, हिरवीगार हवी. सालीवर ब्लेडने उभ्या रेघा मारल्या की पांढरा चीक येतो, त्यात पपेन असतं. झाडावरच्या फळातून जास्त निघतो, मार्केटपर्यंत आलेल्यातून थेंब थेंब. ग्लोव्ह्ज घालून करा, चीक हाताला चांगलाच चावतो. पपेनची एक भानगड आहे, ते सिस्टीन प्रोटिएज असल्यामुळे हवेने ऑक्सिडाइझ होऊन झोपतं, त्याला जागं करायला सिस्टीन आणि ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारं केमिकल) घालतात, आणि सिस्टीन फोलिनबरोबर स्वतःच रंग देतं! म्हणजे ब्लँक आधीच निळा. तर पपेन घेतलंत तर फोलिनच्या नादी न लागता कुनिट्झसारखं २८० ला वाचा, क्वार्ट्झची क्युव्हेट (मशीनमध्ये ठेवायची छोटी चौकोनी नळी) वापरून, कारण साधी काच आणि साधं प्लास्टिक २८० ला प्रकाश अडवतं.

बाटल्या तयार करणं

इथे वेळ गेला तरी चालेल, इथली चूक पुढे कुठेच भरून निघत नाही.

बफर: ५० मिलीमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७.५. निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट लिटरला ७.१ ग्रॅम, आणि मोनोसोडियमचं तेवढ्याच ताकदीचं द्रावण थोडं थोडं घालत पीएच ७.५ वर आणायचा. बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये पोटॅशियम फॉस्फेट लिहिलेलं असतं. चालतं ते, पण पोटॅशियम फोलिनबरोबर बारीक गाळ देतं आणि मग वाचण्याआधी परत गाळत बसावं लागतं, म्हणून मी सोडियमच सांगतो. ट्रिस मात्र अजिबात नको, ते फोलिनच्या रंगात ढवळाढवळ करतं.

केसीन ०.६५ टक्के: २०० मिली बफरला १.३ ग्रॅम. पावडर एकदम ओतली तर गोळे होतात आणि ते गोळे मग कोणाच्या बापाने फुटत नाहीत. स्टररवर हळू फिरत्या बफरमध्ये चिमूट चिमूट सोडा, मग ८०-८५ डिग्रीपर्यंत गरम करा, साधारण १० मिनिटं, उकळू द्यायचं नाही. दुधट, एकसारखं झालं की झालं. थंड करून पीएच परत बघा आणि लागलं तर सोडियम हायड्रॉक्साइड नाहीतर ॲसिड, पण थेंबाथेंबाने आणि फिरत असताना, कारण केसीनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट ४.६ च्या आसपास आहे, ॲसिडचा मोठा थेंब जिथे पडेल तिथे लगेच पनीर तयार होतं. केसीन रोजच्या रोज करा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवलेल्या केसीनमध्ये बॅक्टेरिया आपापलं प्रोटिएज घालून ठेवतात, आणि मग ब्लँक का चढतोय म्हणून आपण डोकं खाजवत बसतो.

टीसीए ११० मिलीमोलर: लिटरला १८ ग्रॅम, म्हणजे १.८ टक्के. हे क्रिस्टल हवेतलं पाणी ओढतात, पावसाळ्यात तर बाटली उघडी ठेवून फोन घेतला की संपलं, वजन करता करता पाणी सुटतं. चटकन वजन करून झाकण लावा. अंगावर पडलं तर भाजतं, गॉगल आणि ग्लोव्ह्ज घालायचे, ‘थोडंच तर आहे’ चालणार नाही.

सोडियम कार्बोनेट ५०० मिलीमोलर: निर्जल घेतलं तर लिटरला ५३ ग्रॅम.

फोलिन: बाजारात २ नॉर्मल मिळतं, ते पाण्याने चौपट पातळ करायचं, १० मिलीचं ४० मिली. वापराच्या आधीच करायचं, आदल्या दिवशी नाही. मूळ बाटलीतला रंग पिवळा हवा. हिरवट झाक आली असेल तर ते वापरू नका, कितीही महाग असलं तरी.

टायरोसीन स्टँडर्ड १.१ मिलीमोलर: १०० मिली पाण्यात २० मिलीग्रॅम. टायरोसीन थंड पाण्यात विरघळायला फार कुरकुर करतं, कोमट करून हलवत राहा, उकळू नका. तळाला एकही कण दिसत असेल तर तुमचा अख्खा ग्राफ खोटा.

एन्झाइम पातळ करायला: १० मिलीमोलर सोडियम ॲसिटेट, त्यात ५ मिलीमोलर कॅल्शियम ॲसिटेट, पीएच ७.५. कॅल्शियम ट्रिप्सिनला आणि बॅसिलसच्या बऱ्याच प्रोटिएजना टिकवून धरतं. मग फॉस्फेट बफरमध्येच कॅल्शियम घालून मोकळं का नाही व्हायचं, तर कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ बसतो, म्हणून.

पावडरचं एन्झाइम तोलताना तोंडाला मास्क, आणि फॅन बंद. प्रोटिएजची पावडर नाकात गेली की ॲलर्जी, दमा होऊ शकतो, १९६० च्या दशकात डिटर्जंटच्या कारखान्यांत कामगारांना हेच झालं होतं. उन्हाळ्यात फॅन बंद करायला कोणी तयार नसतं ते मला माहीत आहे. तरी बंद करा.

रिॲक्शन

मूळ प्रोटोकॉल ५ मिली केसीनचा असतो, मी अर्ध्या मापाचा देतोय, केमिकल वाचतं आणि साध्या टेस्ट ट्यूबमध्ये मावतं.

प्रत्येक ट्यूबमध्ये २.५ मिली केसीन. ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये ५ मिनिटं ठेवा म्हणजे आतलं केसीन खरंच ३७ ला येईल. मग ०.५ मिली एन्झाइम, लगेच हलकेच फिरवून मिसळा, फेस काढू नका, आणि घड्याळ सुरू. बरोबर १० मिनिटांनी २.५ मिली टीसीए. परत हलवा. आता ३७ लाच अर्धा तास ठेवा.

हा अर्धा तास पुष्कळ जण खातात. टीसीए पडल्यावर पांढरं झालं म्हणजे काम झालं असं वाटतं, पण बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे व्हायला वेळ लागतो. घाईने गाळलं तर ते कण फिल्टरमधून सुटतात आणि पुढे रंगात धूसरपणा म्हणून दिसतात, आणि स्पेक्ट्रोला, म्हणजे रंग वाचणाऱ्या मशीनला, धूसर आणि निळा यातला फरक कळत नाही, त्याला फक्त प्रकाश कमी आला एवढंच कळतं.

मग गाळा, ०.४५ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर असेल तर उत्तम, नाहीतर १०,००० आरपीएमला १० मिनिटं फिरवून वरचं पाणी अलगद घ्या. पाणी काचेसारखं स्वच्छ हवं. नसेल तर परत फिरवा.

ट्यूबा जास्त असल्या की सगळ्यांत एकदम एन्झाइम घालता येत नाही, म्हणून अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या अंतराने घालायचं आणि त्याच क्रमाने, त्याच अंतराने टीसीए घालायचं. पहिली ट्यूब ० ला, दुसरी अर्ध्या मिनिटाला, तिसरी एकाला... पहिलीत टीसीए १० मिनिटाला, दुसरीत साडेदहाला. एका कागदावर आधीच वेळा लिहून बाथच्या वर चिकटवा. पहिल्या दिवशी आठ ट्यूबांच्या वर जाऊ नका, आणि मोबाइलचा टायमर लावताना मोबाइल फ्लाइट मोडवर, नाहीतर चौथ्या ट्यूबला आईचा फोन येतोच.

आता आपल्या गावची अडचण. प्रोटोकॉल लिहिणारे थंड देशातले, त्यांना वाटतं वॉटर बाथ म्हणजे गरम करायचं यंत्र. बडोद्यात मे महिन्यात बाहेर ४२ असतं, लॅबमध्ये एसी नसेल तर बाथचं पाणी हीटर न लावताच ३७ च्या वर जातं आणि साध्या बाथला थंड करता येत नाही. डायलवर ३७ लिहिलंय म्हणून आत ३७ आहे असं धरून चालू नका, थर्मामीटर पाण्यात बुडवूनच ठेवा. मग एकतर सकाळी सातला येऊन काम उरका, नाहीतर बाथमध्ये बर्फाची पिशवी सोडून तापमान सांभाळत बसा, किंवा सरळ असं ठरवा की अख्ख्या प्रोजेक्टमध्ये रिॲक्शन ४० ला करायची आणि तसं लिहायचं. तिन्ही चालतं. वहीत ३७ लिहून प्रत्यक्ष ४१ ला करणं चालत नाही. आणि बर्फाचा डबा झाकून ठेवा, उन्हाळ्यात दोन तासांत त्याचं पाणी होतं आणि एन्झाइमची व्हायल त्यात तरंगत असते.

ब्लँक, ब्लँक, ब्लँक

ब्लँक म्हणजे पाण्याची ट्यूब नव्हे. प्रत्येक सॅम्पलचा स्वतःचा ब्लँक असतो आणि त्यात सगळं तेच, तेवढंच असतं, फक्त क्रम उलटा: केसीन २.५ मिली, १० मिनिटं बाथमध्ये, मग आधी टीसीए २.५ मिली, आणि त्यानंतर एन्झाइम ०.५ मिली. टीसीए आधी पडल्यामुळे एन्झाइमला कापायची संधीच मिळत नाही, पण एन्झाइमबरोबर जे काही आलंय ते सगळं ट्यूबमध्ये असतं.

आणि बरंच काही येतं. कल्चरच्या पाण्यात न्यूट्रिएंट ब्रॉथचं पेप्टोन असतं, ते म्हणजे आधीच तुटलेलं प्रोटीन, टीसीएने खाली बसत नाही आणि फोलिनबरोबर मस्त निळं होतं. स्किम मिल्क घालून वाढवलं असेल तर बॅसिलसने वाढताना तोडलेलं केसीनसुद्धा त्यातच. मी असे ब्लँक बघितलेत की टेस्ट आणि ब्लँक शेजारी धरले तर डोळ्याला फरक कळत नाही, आणि त्या मुलाने नुसता बफरचा ब्लँक घेऊन भलीमोठी ॲक्टिव्हिटी काढलेली असते. असं झालं तर उपाय दोन, सॅम्पल आणखी पातळ करा, किंवा रात्रभर थंडीत डायलिसिस लावा, बारीक पेप्टाइड निघून जातात आणि एन्झाइम पिशवीत राहतं.

जोडीला एक रिएजंट ब्लँक ठेवा, ज्यात एन्झाइमच्या जागी नुसतं डायल्यूएंट असतं. तो जर रोजच्यापेक्षा चढला तर केसीन खराब झालंय नाहीतर फोलिन.

रंग

गाळलेलं पाणी १ मिली, त्यात २.५ मिली सोडियम कार्बोनेट, मिसळा. मग ०.५ मिली पातळ केलेलं फोलिन, आणि पडल्या पडल्या व्हॉर्टेक्स. ‘सगळ्या ट्यूबांत घालून मग एकदम हलवतो’ असं नाही. फोलिन अल्कलीत फार थोडा वेळ जिवंत राहतं, त्या थोड्या वेळात ते टायरोसीनला भेटलं तर रंग, नाहीतर वाया. डुप्लिकेट जुळत नसतील तर मी पहिलं हेच विचारतो, फोलिन घातल्यावर ट्यूब हातात होती का रॅकमध्ये.

क्रमही उलटा नको, कार्बोनेट आधी, फोलिन नंतर.

३७ ला अर्धा तास ठेवा, मग ६६० ला वाचा. गाळ दिसला तर फिरवून वरचं घ्या. क्युव्हेटच्या स्वच्छ बाजूला बोटं लावू नका, टिश्यूने पुसा, आणि सगळ्या ट्यूबा एकाच क्युव्हेटमध्ये, पातळ रंगाकडून गडद रंगाकडे, असं वाचत जा.

स्टँडर्डचा ग्राफ

टायरोसीनचं द्रावण ०.०५, ०.१०, ०.१५, ०.२०, ०.२५ मिली, म्हणजे ०.०५५, ०.११, ०.१६५, ०.२२ आणि ०.२७५ मायक्रोमोल. प्रत्येक ट्यूब १ मिलीपर्यंत भरायची, आणि एक ट्यूब टायरोसीनशिवाय. पाण्याने भरली तरी चालतं म्हणतात, पण सॅम्पलमध्ये बफर आणि टीसीए असतं तर स्टँडर्डमध्येही तेच असावं म्हणून मी बफर-टीसीए निम्मं-निम्मं मिसळून त्याने भरतो. पुढे कार्बोनेट आणि फोलिन अगदी तसंच.

आडव्या अक्षावर मायक्रोमोल, उभ्यावर ओडी, म्हणजे मशीनने दाखवलेला रंगाचा आकडा, बिनटायरोसीनच्या ट्यूबचा वजा करून. रेघ सरळ हवी आणि शून्याजवळून जायला हवी. एक्सेलमध्ये आर-स्क्वेअर ०.९९ आला म्हणून खूश होण्याआधी ठिपके डोळ्यांनी बघा, शेवटचा ठिपका खाली वाकलाय का. आणि स्टँडर्ड रोज लावा, गेल्या आठवड्याचा ग्राफ आजच्या फोलिनला लागू होत नाही.

हिशोब

एक युनिट म्हणजे त्या पीएचला आणि तापमानाला मिनिटाला १ मायक्रोमोल टायरोसीनएवढा रंग सोडणारं एन्झाइम. टेस्टच्या ओडीतून त्याच्याच ब्लँकची ओडी वजा करा, ग्राफवरून मायक्रोमोल काढा. ते मायक्रोमोल १ मिली गाळलेल्या पाण्यातले आहेत, पण एकूण पाणी ५.५ मिली होतं, म्हणून गुणिले ५.५. एन्झाइम ०.५ मिली घेतलं, वेळ १० मिनिटं, म्हणून भागिले ०.५ आणि भागिले १०. सगळं आवरलं की मायक्रोमोल गुणिले १.१ एवढंच उरतं, आणि मग डायल्यूशन.

समजा ग्राफचा उतार ३ आहे, म्हणजे १ मायक्रोमोलला ओडी ३ पडेल असा. टेस्ट ०.५७, ब्लँक ०.१२. फरक ०.४५, भागिले ३, म्हणजे ०.१५ मायक्रोमोल. गुणिले १.१, झाले ०.१६५ युनिट प्रति मिली. एन्झाइम ५० पट पातळ केलेलं होतं, म्हणून मूळ सॅम्पलमध्ये ८.२५ युनिट प्रति मिली. त्यात प्रोटीन २.५ मिलीग्रॅम प्रति मिली असेल तर स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी ३.३ युनिट प्रति मिलीग्रॅम. प्रोटीन मोजायला कल्चरच्या पाण्यासाठी ब्रॅडफर्डची पद्धत घ्या, लाउरीच्या पद्धतीत परत तेच फोलिन आणि परत तेच पेप्टोन.

पेपरमधल्या आकड्यांशी तुलना करण्याआधी त्यांचं युनिट वाचा. पुष्कळ पेपरात १ युनिट म्हणजे मिनिटाला १ मायक्रोग्रॅम टायरोसीन असतं. टायरोसीनचं मॉलिक्युलर वेट १८१, म्हणजे तेच एन्झाइम, तेवढंच, पण तिकडे आकडा १८१ पट मोठा दिसतो. कोणी तासाला मोजतं, कोणी पीएच १० आणि ५० डिग्रीला. ‘माझे ८ युनिट आणि त्यांचे १४००’ म्हणून रडत येणारी मुलं असतात, हिशोब केला तर दोन्ही जवळजवळ सारखे निघतात.

सरळ रेषेत आहात का, ते बघा

याला अर्धा दिवस द्या. एकदा सॅम्पल हातात आलं की आधी वेळ बदलून बघा, २, ५, १०, १५, २० मिनिटं. रंग वेळेबरोबर सरळ वाढत असेल तिथपर्यंतचाच वेळ वापरायचा. मग एन्झाइम बदलून बघा: १० पट पातळ, २० पट, ४०, ८०. २० वरून ४० वर गेल्यावर ओडीचा फरक बरोबर निम्मा झाला पाहिजे. १० पटला ०.९ आणि २० पटला ०.८ येत असेल तर याचा अर्थ एन्झाइमने सोपं सोपं केसीन केव्हाच संपवलं आणि बाकीचा वेळ ते रेंगाळत होतं, तिथला आकडा वापरला तर तुमचं भारी एन्झाइम हलकं दिसेल. ब्लँक वजा जाता ओडी ०.१ ते ०.६ च्या मध्ये बसेल असं डायल्यूशन निवडा आणि पुढे सगळीकडे तेच.

ट्यूबा कमीत कमी तीन-तीन, आणि त्या तीन ट्यूबा म्हणजे तीन वेगळ्या रिॲक्शन, एकाच गाळलेल्या पाण्याचे तीन रंग नव्हेत.

गडबड झाली तर

टेस्ट ब्लँकपेक्षा कमी आली, तर लेबल अदलाबदल झालंय का बघा, मग ब्लँकमध्ये एन्झाइम चुकून टीसीएच्या आधी पडलं का ते. रंग आलाच नाही, स्टँडर्डमध्येसुद्धा, तर कार्बोनेट विसरलंय किंवा फोलिन मेलंय. स्टँडर्ड ठीक पण सॅम्पल कोरं, तर एन्झाइम दिवसभर टेबलावर राहिलं, नाहीतर त्याला चालणारा पीएच वेगळा आहे. पेप्सिनसारखं ॲसिडमधलं प्रोटिएज या ७.५ च्या केसीनमध्ये काही करणार नाही, आणि पीएच खाली आणाल तर केसीनच फुटेल, म्हणून तिथे ॲन्सनचं हिमोग्लोबिन घ्यायचं.

फोलिनचा कंटाळा आला तर ॲझोकेसीन आहे, रंग आधीच लावलेलं केसीन, टीसीए करून गाळा, अल्कली घाला आणि ४४० च्या आसपास वाचा, पेप्टोनचा त्रास जवळजवळ नाहीसा. महाग आहे. फक्त ट्रिप्सिनच मोजायचं असेल तर केसीनऐवजी बीएपीएनए नावाचं केमिकल, त्यातून पिवळं पॅरानायट्रोॲनिलीन सुटतं आणि ४१० ला समोर वाढताना दिसतं. पण तुमच्या आयसोलेटचं प्रोटिएज ट्रिप्सिनसारखं आर्जिनीन-लायसीनजवळ कापणारं नसेल तर बीएपीएनए शून्य दाखवेल आणि तुम्ही चांगली कॉलनी फेकून द्याल.

कोणत्या जातीचं आहे ते बघायचं असेल तर त्याच रिॲक्शनआधी एन्झाइमला इनहिबिटरबरोबर, म्हणजे एन्झाइम थांबवणाऱ्या केमिकलबरोबर, थोडा वेळ ठेवा: पीएमएसएफने थांबलं तर सेरीन, ईडीटीएने थांबलं तर मेटॅलो, ई-६४ ने तर सिस्टीन. पीएमएसएफ विषारी आहे आणि पाण्यात लवकर निकामी होतं, इसोप्रोपॅनॉलमध्ये स्टॉक करून आयत्या वेळी घाला, आणि नुसत्या इसोप्रोपॅनॉलचा कंट्रोल ठेवा. ईडीटीए फोलिनच्या रंगातही लुडबुड करतं, तेव्हा ईडीटीए घातलेल्या ट्यूबचा ब्लँकही ईडीटीए घालूनच.

काम संपल्यावर टीसीएच्या ट्यूबा सिंकमध्ये तशाच ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करून लॅबच्या ॲसिड वेस्टमध्ये द्या. काचेच्या ट्यूबा लगेच पाण्यात टाका, केसीन वाळलं की ब्रशने घासूनही जात नाही. उरलेलं एन्झाइम छोट्या छोट्या व्हायलमध्ये वाटून उणे २० ला ठेवा, प्रत्येकीवर तारीख आणि डायल्यूशन लिहून, आणि एक व्हायल एकदाच वितळवायची, परत गोठवायची नाही.